पुढचा डावा खांदा

आमच्या सहाव्या वॉर्डात कुणाचं मयत झालं की पेटी उचलायच्या आधी माणसं जिन्याकडे बघायची. फेस्टी रुएन आले का? ते आलेले असायचेच. टोपी खिशात कोंबलेली, कितीही थंडी असली तरी हातमोजे नाहीत, आणि पुढचा डावा खांदा त्यांचा. मेलेला माणूस मायदेशातल्या कॉर्क परगण्याचा असो, केरीचा असो, ओळखीचा असो, नसो. दफनभूमी टेकडीवर, वाट चढणीची, बाकीचे तिघे निम्म्या वाटेवर बदलायचे. फेस्टी बदलायचे नाहीत.

"मत मागायला हा माणूस तुमच्या दारात येत नाही, दारातून तुम्हाला न्यायला येतो," असं टिम क्रेहन आपल्या गुत्त्यात म्हणायचा आणि ऐकणारे ग्लास आपटून हसायचे. क्रेहन आमच्याच पक्षाचा. महापौरपदाची उमेदवारी आपल्याला मिळेल असं त्याला वाटत होतं, ती फेस्टींना मिळाली. तेव्हापासून त्याचं हसणं जरा जास्तच मोठं झालं होतं.

फेस्टी माझे मेहुणे, थोरल्या बहिणीचे, डीलियाचे यजमान. आई गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढले. शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते त्यांच्याच हट्टानं. लग्न होईपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी मुलांच्या वह्या तपासल्या, आणि वह्या तपासणाऱ्या बाईला घरातलं सगळं ऐकू येतं.

ते १८८२ साली समुद्र ओलांडून ह्या ब्रिग्ज फॉल्सला आले, एकोणीस वर्षांचे. आधी कागद गिरणीत चिंध्यांचे ओले गठ्ठे वाहिले, मग पाण्याचे नळ टाकायला चर खणले. त्यामुळे कुठल्या घराचा नळ कुठून येतो आणि कुठे गळतो ते त्यांना पाठ. कालव्याकाठच्या इमारतींत तापाची साथ आली तेव्हा नगरसभेत दोन बाटल्या घेऊन गेले. एक टेकडीवरच्या नळाची, एक कालव्याकाठच्या नळाची. म्हणाले, "साहेब, आपण कुठली पिणार?" साहेबांनी कुठलीच प्यायली नाही. पुढच्या निवडणुकीत फेस्टी नगरसेवक झाले आणि बारा वर्षं राहिले.

आमच्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न: कुठला? दुसरा: कुणाचा? परगणा, गाव, बापाचं नाव, आजोळ, एवढं कळेपर्यंत चहा थंड होऊ देतील पण सोडणार नाहीत. फेस्टी म्हणायचे, "मेयोचा. बॅलिनाकडचा." आणि लगेच, "तुमच्या जिन्याचा कठडा झाला का दुरुस्त?" बोलणं जिन्यावर जायचं. त्यांना मायदेशातून कधी पत्र आलं नाही. मला वाटायचं, मागे कुणी राहिलं नसेल. त्या काळी अशी घरं पुष्कळ होती.

ही गोष्ट १९०६ सालची. डिसेंबरच्या चार तारखेला मतदान होतं, आणि आपल्यातला माणूस महापौर होईल असं पहिल्यांदाच कुणाला तरी खरं वाटत होतं. गिरणीमालकांची टेकडी एकीकडे, कालव्यावरचे आम्ही दुसरीकडे.

सप्टेंबरात एकदा जेवताना डीलिया म्हणाली, "ऑनर केरिगनची आई आली म्हणे मायदेशातून. सबीना लावेल नाव. सत्तरीची आहे, पण तिसऱ्या मजल्यावर अशी चढते की मागचे धापा टाकतात. किलडून म्हणून कुठलंसं गाव आहे, तिथली."

फेस्टींचा काटा बशीवर थांबला.

"बटाटे कच्चे राहिलेत," ते म्हणाले.

बटाटे कच्चे नव्हते. मीच उकडले होते.

त्या दिवसापासून त्यांनी कालवा रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. बाकी सगळीकडे फिरले, टेकडीवरच्या जर्मन बेकरीवाल्याकडेसुद्धा दोनदा जाऊन आले. डीलियानं आठवण केली की म्हणायचे, "कालवा आपलाच आहे, तिथे काय जायचं." क्रेहननं हे हेरलं होतं. रविवारी चर्चच्या पायरीवर त्यानं मला मुद्दाम गाठलं.

"काय मास्तरीणबाई, मेहुण्यांचे बूट चावतात का? की कालव्यावरची मतं माशांसारखी गळाला लागणार आहेत?"

"तुमच्या गुत्त्यातून इतकं लांबचं दिसतं का हो?" मी म्हटलं. पण घरी येईपर्यंत त्याचं बोलणं कानात राहिलं.

नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला शनिवारी सकाळी ऑनरचा नवरा ऑस्टिन गेला. गिरणीतल्या ओल्या खात्यात काम, छाती भरली आणि सहा दिवसांत संपला. डीलियानं निरोप ऐकला, क्रूसाची खूण केली आणि नेहमीसारखा फेस्टींचा काळा कोट काढून ब्रश करायला घेतला.

"राहू दे," फेस्टी म्हणाले. "मी जाणार नाही."

"वेड लागलंय का? मतदान दहा दिवसांवर आलंय. वॉर्डात मयत, आणि फेस्टी रुएन नाही?"

ते खुर्चीत बसले. मी वह्या गोळा करून उठायला लागले, तर म्हणाले, "बस, विनी. तूही ऐक."

मग त्यांनी जे सांगितलं ते डोळे टेबलावर ठेवून सांगितलं.

किलडूनला लावेलांची बारा एकर जमीन होती, खंडानं. पाऊस, कीड, दोन वर्षांचा खंड थकला. १८८१च्या एप्रिलात जमीनदाराच्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं, चूल विझवली, दाराला कुलूप लावलं. त्या वेळी सगळ्या मुलखाचा पण होता: अशी रिकामी केलेली जमीन कुणी घ्यायची नाही. अँथनी रुएननं घेतली. फेस्टींचे वडील.

आम्हाला पुढचं सांगायची गरज नव्हती. आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं, जमीनखाऊचं काय होतं. लोहार त्याच्या घोड्याला नाल मारत नाही. चर्चमध्ये तो बसला की बाक रिकामं होतं. पण डीलियाचा हात कोटाच्या बाहीवर तसाच राहिला, कारण अशा घरात आपण लग्न करून आलो हे तिला आत्ता कळत होतं, इतक्या वर्षांनी आणि समुद्राच्या ह्या बाजूला.

"घर कुणी पेटवू नये म्हणून बापानं मला तिथे राहायला पाठवलं," फेस्टी म्हणाले. "अठरा वर्षांचा होतो. त्यांच्या चुलीत मी जाळ केला. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी सबीना लावेल दारात आली. ती माणसं तेव्हा बांधाच्या आडोशाला, गवत टाकून राहत होती. म्हणाली, घर मागत नाही रे, मडक्यात दोन निखारे घाल. पोर गारठलंय."

"मग?" डीलियानं विचारलं.

"मी दाराआडून म्हटलं, आज एक मे. आज विस्तव घराबाहेर देत नाहीत."

डीलियानं डोळे मिटले. एक मेला घरातला विस्तव, दूध, मीठ बाहेर दिलं तर घराचं नशीब बाहेर जातं. आम्ही सगळे ते पाळतो, ती तर फारच. पण बांधाआडच्या पोरासमोर दाराआडून ते सांगणं म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं.

"ते पोर म्हणजे ऑनर," फेस्टी म्हणाले. "पुढच्या फेब्रुवारीत बाप गेला. आमच्याकडे कुणी आलं नाही. रीतीप्रमाणे मयताशी बसून एकानंही चिलीम ओढली नाही. खड्डा मी खणला. पेटी गाडीवर घालून मी, आई आणि दोघी बहिणींनी ओढत नेली. दोरांवर सोडताना आईच्या हातून दोर निसटला. बाप डोक्याकडून खाली गेला, विनी. तसाच आहे अजून."

 मग डीलिया तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुला ताप आहे. मी सांगते सगळ्यांना."

"क्रेहन डॉक्टर घेऊन येईल," मी म्हटलं. "नाही गेलात तर तो विचारणार का गेला नाही. गेलात तर ती सांगणार."

"झालं, मास्तरीणबाईंनी गणित सोडवलं," फेस्टी म्हणाले आणि त्यांनी कोटासाठी हात पुढे केला.

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही तिघं गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर माणसांनी भरलेलं. आरशावर कापड, घड्याळ थांबवलेलं, टेबलावर मातीच्या चिलमींचं ताट. ऑनर पेटीच्या उशाशी. चुलीजवळ खुर्चीत म्हातारी. हाडं सगळी दिसत होती आणि पाठ सरळ. क्रेहन दाराशी, हातात ग्लास. मी चहा ओतायच्या निमित्तानं चुलीजवळ उभी राहिले.

फेस्टींनी गुडघे टेकले, प्रार्थना केली, ऑनरशी दोन शब्द बोलले. मग म्हातारीसमोर आले. "वाईट झालं, बाई."

तिनं त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. चेहरा बघितला नाही, चालत आले तेव्हाच तिनं पायांकडे बघितलं होतं. फेस्टी डावा पाय जरा बाहेर टाकत चालतात. ते बापाचं चालणं होतं, असं मला नंतर कळलं.

"कुणाचा तू?"

"अहो आजी, हे आपले फेस्टी रुएन!" क्रेहन दारातून ओरडला. "पुढच्या आठवड्यात ह्यांना महापौरसाहेब म्हणायचं!"

"रुएन," म्हातारी म्हणाली. तिनं हात सोडला, ॲप्रनच्या खिशातून चिलीम काढली, अंगठ्यानं तंबाखू दाबली. "जरा विस्तव दे रे ह्यात."

फेस्टी चुलीकडे वळले. चिमटा घेतला, झाकण सरकवलं.

"थांब. आज तारीख कुठली?"

खोलीत दोघं-तिघं हसले. म्हातारी माणसं, त्यांना तारखा कुठून लक्षात. माझ्या हातातली किटली कपाच्या बाहेर सांडली.

"पंचवीस नोव्हेंबर," फेस्टी म्हणाले.

"मग द्यायला हरकत नाही."

"आजी, मतदानाची तारीख विचारा त्यांना," क्रेहन म्हणाला. "ती त्यांना झोपेतपण येते!"

फेस्टींनी चिमटा चुलीत घातला. निखारा लाकडी जमिनीवर पडला. त्यांनी तो बोटांनी उचलला, उघड्या बोटांनी, आणि चिलमीवर ठेवून ती पेटेपर्यंत धरून ठेवला. म्हातारीनं सावकाश तीन झुरके घेतले. मग त्यांना हातानं खाली वाकवलं आणि हळू आवाजात बोलली. किटली घेऊन मी हाताच्या अंतरावर होते, म्हणून मला तेवढं ते ऐकू आलं.

"उद्या खांद्याला येणार?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी कुणाला काही सांगणार नाही. ऐकलंस? तुझी निवडणूक तुला लखलाभ. उद्या मागे चाललास तर माझ्या तोंडून शब्द निघणार नाही, मरेपर्यंत. पण माझ्या जावयाच्या पेटीला हात लावायचा असेल तर कुणाचा कोण, कुठला, ते आधी सगळ्यांसमोर सांग. खोट्या गावाचा माणूस मला खांद्याला नको."

सोमवारी सकाळी डीलियानं दोन कॉलरना इस्त्री केली, पहिली नीट झाली असतानाही. फेस्टींच्या बोटांवर लोणी लावून फडकं गुंडाळलं.

"मागे चाल," ती म्हणाली. "एकदाच. हात भाजलाय म्हण, खोटंही नाही ते. मागे चाललं म्हणून कुणी मरत नाही. आठ दिवस, फेस्टी. मग तू महापौर, आणि मग त्या बाईला घर दे, ऑनरला काम दे, काय द्यायचं ते दे."

त्यांनी बोटांवरचं फडकं सोडून टेबलावर ठेवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते आम्हा दोघींना कळेना, आणि रस्ताभर आम्ही विचारलंही नाही.

पेटी दोन खुर्च्यांवर होती. फादर जिन्यात खाली उभे. ऑस्टिनच्या खात्यातले तिघे सोबती आपापल्या जागी, हात कडीवर. पुढची डावी बाजू रिकामी. ती त्यांच्यासाठीच रिकामी ठेवायची, हे कुणी ठरवावंही लागत नव्हतं. क्रेहन जिन्याच्या तोंडाशी. सगळ्यांनी फेस्टींकडे बघितलं.

फेस्टी भिंतीशी उभे राहिले.

 कुणीतरी खोकलं. मागच्या बाजूचा बार्नी म्हणाला, "फेस्टी, चला की." डीलियानं माझं मनगट धरलं, नखं रुतली. म्हातारी काळ्या शालीत, समोर कुठेतरी बघत होती. तिनं शब्द पाळला असता, हे तिच्याकडे बघून कळत होतं.

"मी बॅलिनाचा नाही," फेस्टी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण जिन्यापर्यंत पोचला. "मी किलडूनचा. अँथनी रुएनचा मुलगा. ह्या लावेलबाईंची बारा एकर माझ्या बापानं घेतली, त्यांना बाहेर काढल्यावर आठ दिवसांत. त्यांच्या चुलीत जाळ मी केला. आणि एक मेच्या सकाळी ऑनरसाठी ह्यांनी निखारा मागितला तेव्हा मी दार उघडलं नाही."

ऑनरनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली.

बार्नीनं कडीवरचा हात काढला आणि पँटला पुसला. मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. खोलीतली माणसं मागे सरकली आणि पेटीभोवती जागा झाली. अशी जागा मी कधी पाहिली नव्हती, पण माझ्या आईनं सांगितली होती.

"जमीनखाऊचा पोरगा!" क्रेहन म्हणाला. त्याच्या आवाजात खरा धक्का होता, आणि त्याखाली दुसरंही काही होतं. "बारा वर्षं आमच्या माणसांच्या पेट्यांना हात लावत होता हा!"

फेस्टी तिथेच उभे. पुढे आले नाहीत, मागे गेले नाहीत. चौघं हवीत, आणि एकच होता. मला त्या दोराची आठवण झाली.

म्हातारी उठली. शालीचं टोक कमरेला खोचलं, बार्नीच्या जागी गेली आणि तिनं पेटीची कडी धरली. आमच्यात बायका खांदा देत नाहीत. सत्तरीची बाई तर नाहीच.

"बोलला ना तो?" ती म्हणाली. "मी सांगितलं होतं बोल, बोलला. माझी जमीन, माझी चूल, माझं पोर. तुम्हाला कसला राग आलाय? चल रे रुएन, पुढे हो. जिना अरुंद आहे."

फेस्टी पुढे आले. पुढची डावी कडी धरली. दोघांनी जोर लावला, पेटी एका बाजूनं कलली, आणि ऑनर किंचाळली.

"सोडा, आजी, सोडा," बार्नी म्हणाला. तो लालबुंद झाला होता.

"मग धर."

त्यानं धरली. बाकीचे दोघेही आले, खाली बघत. क्रेहनला जिन्यातून बाजूला व्हावं लागलं. टेकडीपर्यंत चौघांपैकी कुणी कुणाशी बोललं नाही, आणि निम्म्या वाटेवर बदलायला कुणी आलं नाही.

चार डिसेंबरला फेस्टी एकशे बारा मतांनी पडले. टेकडीवर त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त मतं पडली होती. कमी पडली ती कालव्यावर.

महापौरपदासाठी उभं राहताना नगरसेवकपद सोडलेलं होतं. जानेवारीपासून फेस्टी पुन्हा पाणी खात्यात, चर खणणाऱ्यांवर मुकादम. त्या हिवाळ्यात वॉर्डात पाच मयतं झाली. एकाही घरून निरोप आला नाही. ते रस्त्याच्या कोपऱ्यावर टोपी काढून उभे राहायचे, पेटी समोरून जाईपर्यंत, आणि मग कामावर जायचे. चर्चमध्ये आमचं बाक आम्हा तिघांनाच पुरायचं. डीलियाला दुकानात माप बरोबर मिळायचं, पण तिच्या मागे उभं राहणारी बाई एक पाऊल लांब उभी राहायची. तिचं नवऱ्याशी भांडण झालं असं मात्र मी एकदाही ऐकलं नाही. एकदा तिनं फक्त विचारलं, "निवडणूक झाल्यावर बोलला असतास तर?" ते म्हणाले, "तेव्हा ऑस्टिन पुरला गेलेला असता."

सबीना लावेल आमच्याकडे कधी आली नाही. रस्त्यात दिसली तर मान हलवायची, तेवढंच.

मे महिन्याच्या पहिल्या सकाळी डीलियानं उठल्याबरोबर, दर वर्षीसारखं, मीठ कपाटात टाकून कुलूप घातलं. आम्ही चहा घेत होतो. दार वाजलं. मी उघडलं.

म्हातारी होती, एकटी. हातात लोखंडी भांडं, कडीचं. कालव्यापासून आमची चढण चढून आली होती, आणि समोरच्या तिन्ही खिडक्यांतले पडदे हलत होते.

"विस्तव पाहिजे," ती म्हणाली.

डीलिया मागून आली. "बाई, आज—"

"आज तारीख कुठली ते मला माहीत आहे."

डीलियानं फेस्टींकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि मी तिला दोष देत नाही. त्या वर्षात आमच्या घरातून जायचं ते सगळं गेलं होतं, उरलेलं तिला राखायचं होतं. फेस्टी उठले. डीलियानं श्वास सोडला, चुलीचं झाकण स्वतःच काढलं आणि चिमटा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी भांडं काठोकाठ भरलं. आमची चूल काळी पडली.

"इतके नको होते," सबीना म्हणाली. "उचलायचे कसे मी?"

"मी आणतो."

भांड्याच्या कडीला टोपी गुंडाळून ते तिच्याबरोबर निघाले, ती दोन पावलं पुढे, ते मागे, डावा पाय बाहेर टाकत. मी आणि डीलिया फाटकाशी उभ्या राहून बघत होतो. कालवा रस्त्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा माणसं गिरणीला निघायच्या बेतात होती. वाटेत कुणी बाजूला झालं, कुणी नुसतं थांबलं. अडतीस नंबरच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि बार्नीच्या बायकोनं डोकं बाहेर काढलं. तिचा आवाज आमच्या फाटकापर्यंत आला.

"अहो फेस्टी! दोन दिवस झाले, आमच्या नळाला पाण्याचा टिपूस नाही! बघणार कोण?"

फेस्टींनी वर बघितलं. भांडं या हातातून त्या हातात घेतलं.

"हा विस्तव पोचवतो," ते ओरडून म्हणाले, "आणि येतो."